वकीलसाहेब, ते टेबल तेवढं मोडू नका

प्रति,
इस्तंबूलच्या सरकारी वकील कचेरीत व्यंगचित्रांच्या फायली उघडणारे सर्व साहेब

स.न.वि.वि.

साहेब, तुमची माझी ओळख नाही आणि ती व्हावी अशी माझी फारशी इच्छाही नाही, कारण तुमच्याशी ओळख झालेल्या चित्रकारांचं पुढे काय होतं ते वाचून आहे. मी इकडे महाराष्ट्रात बसून तुमच्याकडची विनोदी साप्ताहिकं बघणारा एक रिकामटेकडा वाचक. तुर्की येत नाही, मोबाईलचा कॅमेरा पानावर धरला की जे काही मोडकंतोडकं भाषांतर येतं त्यावर भागवतो, पण कार्टूनचं एक बरं असतं, अर्धं काम चित्रच करून टाकतं आणि उरलेलं अर्धं नीट कळलं नाही तरी हसू यायचं ते येतंच.

विषय 'लेमान' या तुमच्याकडच्या विनोदी साप्ताहिकाचा आहे हे तुम्ही ओळखलंच असेल. २६ जून २०२५ च्या अंकात आतल्या पानावर एक चित्र आलं, खाली बॉम्ब पडून पेटलेलं शहर आणि वर आकाशात दोन माणसं एकमेकांना हात देतायत, एक म्हणतो सलाम आलेकुम मी मुहम्मद, दुसरा म्हणतो शालोम मी मूसा. बस एवढंच. मासिकाने सांगितलं की हा इस्रायलच्या बॉम्बफेकीत मेलेला एक साधा मुसलमान माणूस आहे, पैगंबर नाही, आणि मुहम्मद नावाची तर जगात कोट्यवधी माणसं आहेत. पण ३० जूनला संध्याकाळी इस्तिकलाल रस्त्याच्या बाजूला जमाव गोळा झाला, लेमानवाल्यांची उठबस असलेल्या जागेवर चाल करून गेला, पोलिसांना अश्रुधूर आणि रबरी गोळ्या काढाव्या लागल्या, आणि त्याच रात्री तुमच्या गृहमंत्र्यांनी स्वतःच्या अकाउंटवरून अटकेचे व्हिडिओ टाकले, चित्रकार दोआन पेहलेवानला हात मागे बांधून जिन्यावरून ओढत नेतायत, बाकीच्यांना अनवाणी गाडीत कोंबतायत. चित्रकारासोबत संपादक, मॅनेजर आणि ग्राफिक डिझायनर. अहो ग्राफिक डिझायनर का, फॉन्ट चुकला होता का त्याचा?

मी इथे चित्र चांगलं की वाईट यावर बोलणार नाहीये. खरं सांगायचं तर मला ते मध्यमच वाटलं, एवढ्या मोठ्या दुःखावर जरा पटकन काढल्यासारखं. माझं बोलणं तुमच्या वाचण्याबद्दल आहे. तुम्ही लोक १५० वर्षं ही मासिकं वाचताय, जगात कुठल्याच सरकारी खात्याने इतक्या बारकाईने विनोद वाचले नसतील, आणि तरी प्रत्येक वेळी फाईल उघडता ती एका चित्राची आणि एका माणसाची. त्या चित्रामागे जे टेबल असतं ते तुम्हाला कधी दिसलंच नाही असं मला वाटतं. तेच दाखवायला एवढं लांबलचक लिहितोय.

सुरुवात तुमच्याच जुन्या फायलीतून करू. १८७० साली तेओदोर कासाप नावाच्या कायसेरीकडच्या ग्रीक ख्रिश्चन माणसाने 'दियोजेन' काढलं, तुर्की भाषेतलं पहिलं विनोदी नियतकालिक. वर चित्र कोणाचं तर पिंपात राहणाऱ्या डायोजिनीसचं, जो सिकंदराला म्हणाला होता सावली करू नकोस, दुसरं काही नको मला. (डायोजिनीस काळ्या समुद्रावरच्या सिनोपचा, म्हणजे तसा तुमच्याच मुलखातला, त्यामुळे परकीय हात वगैरे म्हणायची सोय नाही.) १८७३ पर्यंत हे मासिक कायमचं बंद पाडलं गेलं. कासापने दुसरं काढलं, ते गेलं, मग 'हायाल' काढलं. दरम्यान १८७६ ला ओटोमन राज्याला पहिली घटना मिळाली आणि तिच्या १२व्या कलमात लिहिलं होतं की वृत्तपत्रं कायद्याच्या चौकटीत स्वतंत्र आहेत. १८७७ मध्ये हायालमध्ये चित्र आलं, कारागोझ हातपाय साखळीने बांधलेल्या अवस्थेत उभा आहे. कारागोझ आणि हाजिवात ही तुमच्या बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळातली जोडी, एक अडाणी पण तोंडाळ, दुसरा शिकलेला आणि गोडबोल्या. हाजिवात विचारतो ही काय अवस्था रे, कारागोझ म्हणतो कायद्याच्या चौकटीतलं स्वातंत्र्य.

यावर तीन वर्षांची शिक्षा! चित्रात सुलतान नाही, वजीर नाही, कोणाच्या आईबापाचा उद्धार नाही, फक्त घटनेतलं वाक्य होतं. तुमच्या त्या वेळच्या साहेबांनी शिक्षा देऊन कार्टून खरं असल्याचं सर्टिफिकेट दिलं, ते पण सरकारी शिक्क्यासकट. आणि याच वर्षी नव्या संसदेत प्रेस कायद्यावर चर्चा चालू असताना विनोदी मासिकांवर बंदीच घालावी असं कलम आलं तर लोकप्रतिनिधींनी त्याला विरोध केला, म्हणजे तेव्हाच्या नवख्या खासदारांनाही कळत होतं. पुढच्याच वर्षी सुलतान अब्दुल हमीदने संसदच गुंडाळली ते सोडा.

मग ३० वर्षं शुकशुकाट. देशाबाहेर पॅरिस, जिनिव्हा, कैरो अशा ठिकाणांहून पळून गेलेली मंडळी काही ना काही छापून चोरून आत पाठवायची, आत मात्र सेन्सॉर इतका की सुलतानाचं नाक मोठं म्हणून नाक हा शब्द छापायची चोरी अशी दंतकथा आजही तुमच्याकडे चवीने सांगतात. पण १९०८ ला सेन्सॉर उठला तसा लोकांनी जणू दम धरून ठेवला होता, डझनांनी विनोदी पत्रं निघाली, 'कालेम' निघालं, 'कारागोझ' निघालं जे नंतर १९५५ पर्यंत चाललं. ज्या दिवशी सेन्सॉर सुटला तो २४ जुलै तुम्ही अजूनही प्रेसचा दिवस म्हणून साजरा करता. साजरा करता ना? मग कचेरीत त्या दिवशी पेढे वाटता की समन्स?

आता मार्कोपाशाकडे येतो कारण ते माझं सगळ्यात लाडकं आणि तुमच्या खात्याला सगळ्यात जड गेलेलं. नोव्हेंबर १९४६. सबाहत्तिन अली, अझीझ नेसिन, रिफात इलगाझ आणि चित्रं काढायला मिम उयकुसुझ. पहिल्या तिघांची नावं आज तुमच्या शाळेच्या पुस्तकात मिळतील, तेव्हा मात्र पोलिसांच्या डायरीत होती. मार्को पाशा हा ओटोमन काळातला एक ग्रीक डॉक्टर, सगळ्यांची रडगाणी शांतपणे ऐकून घेणारा, म्हणून अजूनही तुर्कीत कोणी फार तक्रारी करायला लागलं की म्हणतात जा मार्को पाशाला सांग. त्याच्या नावाचं हे साप्ताहिक, चार पानांचं, दिसायला दरिद्री, आणि खप गेला ६० हजारावर, जेव्हा बरीच मोठी दैनिकंसुद्धा तिथवर पोचत नव्हती. छापखानेवाले घाबरून नाही म्हणायचे, मग दुसरा छापखाना शोधायचा. अंक जप्त व्हायचे, लेखक आत जायचे. त्यांनी काय केलं तर नावाखालीच छापायला सुरुवात केली की हा अंक जप्त होत नाही तेव्हा निघतो, आणि लेखक तुरुंगात नसतील तेव्हा निघतो. बंदी आली की मरहूमपाशा, त्यावर बंदी की मालूमपाशा, मग अलीबाबा, मग आणखी काही, मराठी माणसालाही ही नावं समजावून सांगावी लागत नाहीत बघा.

या सगळ्याची किंमतही सांगतो, नाहीतर हे फारच गंमतीशीर वाटायला लागतं. सबाहत्तिन अली १९४८ च्या एप्रिलमध्ये देश सोडून जायच्या प्रयत्नात बल्गेरियाच्या सीमेजवळ, किर्कलारेली भागात मारला गेला, आणि प्रेत सापडायला दोन महिने गेले. वय ४१. आज त्याच्या कादंबऱ्या जगभर भाषांतरात वाचल्या जातात आणि तुमचं पर्यटन खातंही बहुतेक त्याचं नाव अभिमानाने घेत असेल. अझीझ नेसिन तर आतबाहेर करतच राहिला, एकदा सहा महिने गेला ते इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ, इराणचा शहा आणि इजिप्तचा राजा फारूक यांच्या अपमानाबद्दल! म्हणजे स्वदेशी अपमान कमी पडले म्हणून इंपोर्टेड. रिफात इलगाझने पुढे १९५७ मध्ये 'दोलमुश' नावाच्या विनोदी मासिकात एका टारगट वर्गाच्या गोष्टी लिहिल्या आणि त्याही स्वतःच्या नावाने नाही, टोपणनाव घेतलं स्तेपने, म्हणजे आपली गाडीची स्टेपनी. त्याच गोष्टींवर नंतर निघालेले सिनेमे तुमच्या घरातल्या लहान मुलांनाही पाठ असतील, साहेब. तुम्हीही हसलाच असाल.

सगळेच असे वाघ होते असं माझं म्हणणं नाही. १९२२ ला निघालेलं 'आकबाबा' मध्ये मध्ये बंद पडत का होईना १९७७ पर्यंत टिकलं, आणि ते सरकारच्या कलाने चालतं अशी टीका त्याच्यावर कायम झाली. कधी वाकायचं ते कळलं की आयुष्य वाढतं, हे मासिकांनाही लागू आहे.

आता टेबल. १९७२ साली ओउझ आरालने 'गिरगिर' काढलं, आधी एका दैनिकातला कोपरा होता, मग स्वतंत्र साप्ताहिक. खप वाढत वाढत पाच लाखांच्या घरात गेला, तेव्हा तुर्कस्तानची लोकसंख्या होती साधारण साडेचार कोटी, आणि अमेरिकेचं मॅड आणि रशियाचं क्रोकोदिल यांच्यानंतर जगात तिसरा नंबर असं सगळीकडे सांगितलं जायचं. एक अंक एकानेच वाचला असं तर तेव्हा होतच नसे, त्यामुळे वाचणारे किती ते तुम्हीच गुणा. पण खपापेक्षा मला भारी वाटतं ते दुसरंच. आरालने नवशिक्यांसाठी पान ठेवलं होतं, कुठल्या कुठल्या गावातली पोरं, शाळेतली, बेकार, कारखान्यात जाणारी, चित्रं काढून पाठवायची, आणि इस्तंबूलमधली पोरं तर हातात कागद घेऊन थेट ऑफिसात यायची. तो बघायचा, शिव्या घालायचा, परत पाठवायचा, परत बोलवायचा. हात चुकलाय, विनोद जुनाय, एवढी अक्षरं कशाला, चित्रात सांग. कुठल्या आर्ट कॉलेजची फी नाही की कोणाची चिठ्ठी लागत नाही. तुमच्या देशातल्या नंतरच्या ४० वर्षांतल्या व्यंगचित्रकारांची यादी काढा, लतिफ देमिर्जी, हसन काचान, गानी म्युझ्दे, एर्ग्युन ग्युंद्युझ, गालिप तेकिन, मेतिन उस्त्युनदा, बायकांमध्ये ओझदेन ओउर्युक आणि रामिझे एरेर, सगळे या ना त्या वयात त्याच टेबलावर बसलेले. १९८० च्या लष्करी बंडानंतर गिरगिर काही आठवडे बंद ठेवलं गेलं, आणि परत सुरू झालं तेव्हा वाचक तिथेच उभा होता, कारण बाकी सगळ्या वर्तमानपत्रांत तेव्हा छापण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग हे टेबल फुटत गेलं, आमच्याकडे गणेश मंडळं फुटून शेजारच्या गल्लीत नवीन मंडळ निघतं अगदी तसं. गिरगिरमधून बाहेर पडलेल्यांनी 'लिमोन' काढलं, १९८९ ला गिरगिर विकलं गेलं तेव्हा 'हिबिर' निघालं, लिमोनच्या लोकांनी १९९१ ला 'लेमान' काढलं, लेमानमधले काही रुसून २००२ ला 'पेंग्वेन' काढून बसले, पेंग्वेनमधले २००७ ला 'उयकुसुझ' काढून. २०११ मध्ये लेमानच्याच घरात बायकांनी महिला दिनाच्या निमित्ताने एक अंक काढला, 'बायान यानी', तो एकदाच काढायचा होता पण चालूच राहिला. बरं झालं, कारण खरं सांगायचं तर गिरगिरमध्ये पुरुषांनी काढलेल्या बायका बघवत नाहीत, सगळ्या एकाच साच्यातल्या आणि कपडे कमी. प्रत्येक फुटीत भांडणं, पैशाच्या कुरबुरी, इगो, सगळं असणारच, पण प्रत्येक नव्या ऑफिसात एक नवीन टेबल मांडलं गेलं आणि दर आठवड्याला कव्हर ठरवायला सगळे त्याच्याभोवती बसले, रात्र रात्र. दहा जण बोलणार, एक जण काढणार, नऊ जण म्हणणार हे नाही चाललं. साहेब, तुम्ही लेमानच्या तुंजाय आकग्युनच्या नावाने वॉरंट काढलंत ना, तो पॅरिसमध्ये होता त्या वेळी, तो पोरसवदा असताना गिरगिरमध्येच शिकला. तुमच्या फाईलवर २०२५ लिहिलंय पण आरोपी १९७२ च्या टेबलावरून आलाय.

आणि तुमची फाईल चित्र वाचते कसं त्याचे नमुने बघू. २००४ मध्ये मुसा कार्तने जुम्हुरियेत या दैनिकात तेव्हाचे पंतप्रधान आणि आताचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांना लोकरीच्या गुंत्यात अडकलेलं मांजर म्हणून काढलं, खटला, दंड. त्यावर २००५ मध्ये पेंग्वेनने कव्हरवर अख्खं प्राणीसंग्रहालय छापलं, हत्ती, जिराफ, माकड, उंट, बेडूक, साप, गाय, बदक, सगळ्यांना एकच चेहरा. ४० हजार लिराचा दावा लागला आणि २००६ मध्ये कोर्टाने तो फेटाळला, विषय संपला. संपला ना? २०१८ ला अंकाराच्या ओदेतेउ युनिव्हर्सिटीच्या पदवीदान समारंभात पोरांनी तेच चित्र बॅनरवर छापून नेलं आणि पोरं तुरुंगात. तेच चित्र, तेच प्राणी, ते बदकही तेच, निकालानंतरच्या १२ वर्षांत चित्रातली एक रेघ बदललेली नाही, मग बदललं काय ते तुम्ही मला सांगा, मी काय सांगणार. २०१५ च्या निकालाची तर कमालच, पेंग्वेनच्या कव्हरवर एक माणूस राष्ट्राध्यक्षांचं स्वागत करताना कोटाचं बटण लावतोय, त्याची बोटं अश्लील खूण करतायत असं एका नागरिकाच्या तक्रारीवरून ठरलं आणि दोन चित्रकारांना ११ महिने २० दिवसांची शिक्षा, मग तिचा ७ हजार लिरा दंड केला. बटण लावणारी बोटं इतकी निरखून बघणारा वाचक कुठल्याही संपादकाला मिळाला असता तर त्याने त्याला पगारावर ठेवलं असता.

लेमानवाल्यांना लावलेल्या कलम २१६ बद्दल एक आठवण करून देतो, तुम्हाला माहीत असणारच पण लिहिलेलं बरं. हे कलम नव्या दंडसंहितेत आलं २००५ ला, त्याआधी जुन्या संहितेत ते ३१२ होतं, लोकांमध्ये द्वेष भडकवणं. डिसेंबर १९९७ मध्ये सिर्त गावातल्या सभेत इस्तंबूलच्या महापौराने एक कविता म्हटली आणि याच ३१२ खाली त्याला शिक्षा झाली, १९९९ मध्ये त्याने पिनारहिसारच्या तुरुंगात चार महिने काढले. चार ओळींच्या कवितेसाठी माणसाला आत टाकणं चूक होतं, आणि हे मी तुमच्या राष्ट्राध्यक्षांच्या, म्हणजे त्याच महापौराच्या बाजूने बोलतोय बरं का. (पिनारहिसारही किर्कलारेली प्रांतातच, जिथे सबाहत्तिन अली गेला.) तेव्हाच्या वकिलांनाही वाटलं असेल की आपण शब्दांतून आग लागायच्या आधी विझवतोय. कवी आणि कविता वाचणारा यांच्यात त्यांनी फरक केला नाही, आणि तुम्ही चित्रकार आणि ग्राफिक डिझायनर यांच्यात केला नाहीत.

आग म्हटलं की सिवास आठवतंच. २ जुलै १९९३, मादिमाक हॉटेल. अझीझ नेसिन तिथे एका सांस्कृतिक महोत्सवाला आला होता, नमाजानंतर जमाव जमला, हॉटेल पेटवलं, ३५ माणसं गेली, कवी, गायक, हॉटेलचे दोन कामगार, आणि आसाफ कोचाक नावाचा व्यंगचित्रकार. नेसिन शिडीवरून उतरला म्हणून वाचला. ३० जून २०२५ ला इस्तिकलालच्या बाजूला जमाव घोषणा देत होता तेव्हा सिवासच्या स्मरणदिनाला दोन दिवस उरले होते. अशा वेळी सरकारने काय करायचं असतं, तर जमाव आणि माणसं यांच्या मध्ये उभं राहायचं असतं, माणसांचे व्हिडिओ काढून जमावाला दाखवायचे नसतात. मंत्र्याच्या अकाउंटवरून ते व्हिडिओ टाकणं मला अटकेपेक्षाही वाईट वाटलं, अटकेला निदान कोर्ट तरी असतं.

आता कोणी म्हणेल मासिकं तशीही मरतच आहेत, त्यात वकिलांचा काय दोष. बरोबर आहे. पेंग्वेन २०१७ ला बंद पडलं ते तुमच्यामुळे नाही, लोक मोबाईलवर फुकट बघतात, अंक विकत घेत नाहीत. गिरगिर त्याच वर्षी गेलं, हजरत मूसावर एक चित्र आलं आणि गदारोळ झाला तर मालकानेच मासिक बंद करून सगळ्यांना घरी पाठवलं, तुम्हाला फारसे कष्टच पडू दिले नाहीत. उयकुसुझ २०२३ मध्ये थांबलं. कागद बाहेरून येतो, इझमितचा तुमचा सरकारी सेका कागद कारखाना २००५ लाच बंद झाला, आणि लिरा पडला की प्रत्येक पान महाग. हे सगळं खरं. पण म्हणूनच सांगतोय की उरलेलं जे एखादं टेबल आहे त्याला धक्का देताना विचार करा, कारण ते पडलं तर शेजारच्या गल्लीत नवीन मांडायला आता कोणाकडे पैसा नाही. १९४७ ला मार्कोपाशा बंद केलं तर मरहूमपाशा निघालं, आता तसं होणार नाही.

आणि तुम्हाला वाटत असेल की मग शांतता होईल तर तसंही नाही हो. विनोद फोनवर जाईल, गेलाच आहे. रात्री दोन वाजता एकटा पोरगा खोलीत बसून मीम बनवणार, त्याला हे नाही चाललं म्हणणारे नऊ जण नाहीत, हात चुकलाय म्हणणारा आराल नाही, आणि सकाळी तुमचे पोलीस आले तर सोबत उभं राहणारं कव्हरही नाही. तुमच्या दृष्टीने बघा, तुम्हाला हे आवडेल का? आरालने परत पाठवलेली चित्रं तुमच्या सगळ्या साहेबांनी मिळून जप्त केलेल्या चित्रांपेक्षा नक्कीच जास्त भरतील, फरक इतकाच की तो चित्र परत पाठवायचा आणि पोराला ठेवून घ्यायचा. मला विचाराल तर टेबलाने जे केलं ते कुठल्याच कलमाला जमलं नाही, रागावलेल्या पोरांना मेहनत करायला लावली. राग तसाच राहिला पण रेघ सुधारली, आणि रेघ सुधारली की माणूस विचारही जरा नीट करतो, हे मी बऱ्याच चित्रकारांमध्ये बघितलंय.

तुम्ही म्हणाल तुझं काय जातं, तू आधी तुझ्याकडे बघ. बघतो ना. २०१२ साली मुंबईत एका व्यंगचित्रकाराला चक्क राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती, नंतर सरकारनेच ते कलम मागे घेतलं. आणि आमच्याकडे १९६० ला निघालेल्या व्यंगचित्र साप्ताहिकातून सहा वर्षांत एक राजकीय पक्ष उभा राहिला आणि पुढे सत्तेत गेला, त्यामुळे व्यंगचित्रकाराची ताकद आम्हाला कोणी शिकवायला नको, आणि सत्तेत गेल्यावर व्यंगचित्र कसं दिसतं तेही नको. उपदेश करायचा माझा अधिकार शून्य आहे, मी फक्त वाचक म्हणून तक्रार करतोय, आणि मार्को पाशा हयात नाही म्हणून तुमच्याकडे.

मागणं फार नाही. रेघेसाठी माणसाला निकालाच्या आधी तुरुंगात ठेवू नका, खटला चालवायचा तर चालवा, चित्रकार पळून कुठे जाणार, त्याला दर आठवड्याला पान द्यायचं असतं. ते अटकेचे व्हिडिओ काढून टाका. राष्ट्राध्यक्षांच्या अपमानाचं ते २९९, चार वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं, ते काढणं तुमच्या हातात नाही हे कळतं, पण प्रत्येक तक्रारीवर फाईल उघडायची की नाही हे तर तुमच्याच हातात आहे ना, बटणाची तक्रार आली तर बटणच आहे म्हणून परत पाठवता येते. आणि ग्राफिक डिझायनरचं काय केलंत ते जरा लोकांना सांगा.

शेवटचं एक, हे जरा वैयक्तिक आहे. २६ जूनच्या अंकाच्या जप्त केलेल्या कॉप्या तुमच्या गोदामात कुठेतरी पडून असतील, मला तो अंक इकडे कुठेच मिळाला नाही. एखादी जादा असेल तर पाठवाल का? तुमच्याकडे व्हीपीपीची पद्धत असेल तर व्हीपीपीने पाठवा, पोस्टमनला पैसे मी देईन, सुट्टे तयार ठेवतो. पॅकिंग घट्ट करा, पावसाचे दिवस आहेत.

कळावे,
आपला,
महाराष्ट्रातला एक वाचक